चार घोड्यांची एक चंदी

माजिवड्याला इनास आणि काळुराम यांची भागीदारी होती, आणि ज्या अर्थी ती बरीच वर्षं टिकली होती त्या अर्थी दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. विश्वासावर उभ्या राहिलेल्या भागीदाऱ्या ठाण्यात पुष्कळ झाल्या. त्यांतली एखादी पावसाळा ओलांडून गेल्याचं मात्र कुणाच्या आठवणीत नाही.

आगगाडी घाट चढून नाशकाकडे जायला लागली त्याला तेव्हा पंधराएक वर्षं झाली असतील. गाडी ठाण्याला टपालाच्या पिशव्या टाकून पुढे जाई, आणि त्या पिशव्या स्टेशनापासून घोडबंदरापर्यंत पोचवण्याचा मक्ता या दोघांकडे होता. टांगे दोन, घोडे चार. टांगे, तबेला, गवत, दाणा आणि मक्ता सामाईक. घोडे मात्र ज्याचे त्याचे, दोन इनासचे आणि दोन काळुरामचे. हे घोड्यांचं कलम मुळात कुणी काढलं ते दोघांनाही आठवत नव्हतं. दुसऱ्यानंच काढलं असणार, एवढी खात्री मात्र दोघांना होती.

घोड्याच्या रोजच्या दाण्याला चंदी म्हणतात. चंदी सामाईक आणि घोडे वेगळे असले की पुढे काय होतं हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. त्यातून हे चार घोडे चार दिशांचे.

काळुरामचा तुफान तरणाबांड होता. हरभरा पोटात गेला की त्याच्या अंगात येई, आणि टांगा, टपाल व टांगेवाला यांना घेऊन तो रस्ता सोडून खाचरांतून घोडबंदर गाठू बघे. काळुरामचाच दुसरा घोडा शेठ. शेजारचा घोडा खाताना नुसता पाहिला तरी शेठच्या अंगावर मूठभर मांस चढत असे. दाणा जरा जास्त झाला की त्याचे पुढचे खूर तापत आणि मग तो तव्यावर उभा केल्यासारखा पाय उचलत चाले. इनासचा पेद्रू पांढरा, म्हातारा आणि दाढा झिजलेला. सुकं गवत तो बराच वेळ चघळी, त्याचा गोळा करी आणि कीर्तनात कंटाळलेल्या माणसानं पान थुंकावं तसा बाजूला टाकून देई. आणि इनासची घोडी रोझा गाभण होती. तिला सगळंच हवं असे, आणि सगळं आधी तिलाच.

म्हणून चौघांना चार तऱ्हेची चंदी शिजत असे. शिजवायच्या दोघींनी. इनासची बायको क्लेमेंटिना तोंडानं गोड होती, पण तिच्या डोळ्यांत तराजू होता. काळुरामची ठमाबाई मिठागरावरच्या घरातली. तिचा आवाज खाडीपलीकडच्या माणसाला हाक मारण्यासाठीच घडवलेला. तबेल्यामागच्या सामाईक चुलींवर रोज संध्याकाळी चार भांडी चढत आणि त्यांच्यावरून हे सुरू होई :

“ठमाबाय, पेद्रूच्या भांड्यात आज पाणी जास्त दिसतंय गो.”

“तुजा म्हातारा चावत नाय, पितो. म्हणून पातळ केलं.”

“आणि शेठच्या कोंड्यावर हे पिवळं काय तरंगतंय?”

“कोंडाच हाय.”

“कोंड्याला हरभऱ्याचा वास येतो?”

“तुज्या नाकाला येतो. आमच्या नाकाला नाय येत.”

पुरुष असलं बोलत नसत. पुरुष पुरावा गोळा करत. इनास सकाळी काठी घेऊन शेठची लीद उकरी आणि तीत हरभऱ्याची सालं शोधी. काळुराम पेद्रू खात असताना त्याच्यासमोर उकिडवा बसून त्याचा जबडा कुठल्या बाजूनं हलतो ते बघत राही; त्या हलण्यात काय सापडेल असं त्याला वाटत होतं ते त्यालाच ठाऊक. रोझाच्या पोटाचा घेर तो नजरेनं मोजी. “तुजे घोडे दोन, पण खाणारी तोंडं तीन,” असं त्यानं इनासला एकदा सुनावलंही होतं. “पोटातल्याला भागीदारीत कुणी घेतला?”

अशात बातमी आली की शिमगा झाला की टपालसाहेब स्वतः माजिवड्याला येऊन घोडे बघणार. एक जरी घोडा कमकुवत निघाला तरी मक्ता काढून घेणार. बाळकुमचा दौलत नावाचा टांगेवाला त्या मक्त्यावर केव्हापासून डोळा ठेवून होता. तो रोज कामाशिवाय तबेल्यावरून जायला लागला आणि जाताना सहानुभूती दाखवायला लागला. मक्ता गेला तर माजिवड्याच्या वाटेवर भाडी मिळून मिळणार किती? दोन्ही घरांच्या चुली त्या टपालाच्या पिशव्यांवर पेटत होत्या, आणि ही गोष्ट दोघांनाही पक्की माहीत होती. तरीही समोरच्याच्या घोड्याला आपल्या घोड्याहून एक मूठ जास्त जावी, हे काही दोघांना सोसवेना.

तेव्हा इनासनं तोड काढली.

“एकच चंदी करू,” तो म्हणाला. “एक हंडा, एक कृती, चार तोबरे. कुणाला कमी नाय, कुणाला जास्त नाय. भांडण मिटलं.”

काळुराम त्याच्याकडे बघत राहिला. “यात तुजा फायदा काय?”

“काय नाय.”

“मग तू बोलतोस कशाला?”

फायदा शोधण्यात काळुरामचा आठवडा गेला. सापडला नाही, म्हणून तर तो अधिकच धास्तावला. पण साहेब यायचे दिवस जवळ येत होते. शेवटी तो म्हणाला, “चालेल. पण काय घालायचं ते दोघांनी ठरवायचं.”

पहिल्यांदा दोघं ठाण्याच्या पेठेत गेले. तिथं एका भुसारवाल्यानं तयार मिश्रणच काढून ठेवलं होतं. लहान घोडा, मोठा घोडा, म्हातारा घोडा, सगळ्यांना एकच. पोतं सोडा आणि घाला. “लष्करात हेच घालतात,” तो म्हणाला. लष्करात हेच घालतात असं ज्याच्याबद्दल सांगतात तो माल लष्करानं परत केलेला असतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. इनासनं मूठभर उचलून हुंगलं. काळुरामनं फुंकर मारून बघितलं. अर्धं उडून गेलं. मग इनासनं चिमूटभर तोंडात टाकलं. त्याला काहीतरी कळलं आणि आपल्याला कळलं नाही असं नको, म्हणून काळुरामनंही टाकलं. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत चावत उभे राहिले.

“शेठ,” भुसारवाला अदबीनं म्हणाला, “तुमच्यापैकी घोडा कोणता?”

तेव्हा चंदी घरीच करायचं ठरलं. तबेल्यासमोरच्या चिंचेखाली चौघं बसली आणि एकेक जिन्नस पुढे आला.

“हरभरा,” इनास म्हणाला.

“हरभरा रोझासाठी,” काळुराम म्हणाला. “माजा तुफान हरभरा खाऊन टांगा खाडीत घालील आणि तुजी घोडी गुबगुबीत होईल. नको.”

“मग गूळ थोडा.”

“गुळानं शेठचे खूर तापतात.”

गुळाला नको म्हणणारा माणूस इनासनं जन्मात पाहिला नव्हता. यात काहीतरी आहे असं वाटून त्यानं गुळाचा फार आग्रह धरला. इतका आग्रह धरतोय त्या अर्थी यात काहीतरी आहे असं वाटून काळुरामनं तितकाच नकार धरला. ओलं गवत पेद्रूच्या फायद्याचं म्हणून गेलं. अळशी रोझाच्या फायद्याची म्हणून गेली. नुसता पेंढा शेठच्या फायद्याचा होता, पण तो फुकटात पडत असल्यामुळे राहिला. संध्याकाळपर्यंत चंदी ठरली : उकडलेले कुळीथ, भाताचा कोंडा, चिरलेला पेंढा आणि मीठ. मीठ राहिलं, कारण ते ठमाबाईच्या माहेरच्या मिठागरातलं होतं आणि त्याविरुद्ध बोलायची कुणाची छाती झाली नाही.

या चंदीचा मोठा गुण असा की ती चारांपैकी एकाही घोड्याला मानवणारी नव्हती. त्यामुळे तीत कुणाचाच फायदा नव्हता, आणि म्हणूनच ती सर्वानुमते मंजूर झाली.

हंडा सामाईक चुलीवर चढला. ढवळायला दोघी, प्रत्येकीचा डाव वेगळा. तोबरे इनासनं भरायचे आणि कुठला तोबरा कुठल्या घोड्याच्या तोंडाला बांधायचा ते काळुरामनं सांगायचं. दुसऱ्या दिवशी उलट. एक तोबरा किंचित मोठा शिवला गेलाय असा ठमाबाईला संशय आला, तेव्हा तोबरेही पाळीपाळीनं फिरू लागले. इतका काटेकोर न्याय ठाण्याच्या कचेरीतही होत नसेल. फक्त घोड्यांना तो कळत नव्हता.

पेद्रू पेंढ्याचे गोळे करून टाकायला लागला. शेठ आपला तोबरा संपवून मान लांब करी आणि ते गोळेही खाई. त्याचं पोट सुटलं आणि पाय पुन्हा तव्यावर पडायला लागले. तुफान भुकेनं गव्हाण चावू लागला. रोझाच्या बरगड्या दिसायला लागल्या. पोट तेवढं पुढे आणि बाकीची घोडी मागे राहिली.

हे चारही माणसांना दिसत होतं. पण बोलणार कोण? पेद्रूला मऊ द्या असं इनासनं म्हणायचा अवकाश, की काळुराम म्हणणार, बघा, आला मुद्द्यावर! शेठची मूठ कमी करा असं काळुरामनं म्हणावं, तर इनास म्हणणार, आज मूठ कमी करून उद्या त्याच्या बदल्यात काय मागणार? तेव्हा दोघं रोज तबेल्यात उभे राहून म्हणत :

“मानवलंय हां चौघांना.”

“झकास मानवलंय.”

बाळकुमचा दौलत येता-जाता म्हणे, “काय इनासदादा, रोझा उपास करतेय काय? तुमच्या ख्रिस्ती लोकांचा लेंट संपायला अजून वेळ आहे ना?” आणि हसत निघून जाई.

मग एकाएकी रोझा सुधारली. आठवडाभरात तिच्या बरगड्या झाकल्या गेल्या आणि अंगावर तकाकी आली. इनासला वाटलं, आपली युक्ती फळली. काळुरामला काय वाटलं ते सांगायला नकोच. एकाच हंड्यातलं खाऊन तीन घोडे बिघडतात आणि चौथी फुगते, याचा अर्थ शेंबड्या पोराला कळेल. त्यातच आपल्या घरातली गुळाची ढेप झपाट्यानं उतरत चालल्याचं त्याच्या ध्यानात आलं. म्हणजे इनास हंड्यातलं तर खातोच, वर घरात शिरून गूळही नेतो!

दुपारी जेवणं होऊन माणसं लवंडली की तबेल्यात सामसूम होई. चोरी होत असेल तर तेव्हाच. काळुराम गवताच्या गंजीमागे जाऊन बसला. नाकात गवत, मानेत मुंग्या. जरा वेळानं पावलं वाजली. कुणीतरी रोझाच्या गव्हाणीपाशी वाकलं. काळुराम झेप घेऊन बाहेर आला.

समोर ठमाबाई उभी. एका हातात पेजेचं भांडं, पदरात गूळ, काखेत ओल्या गवताचा भारा.

“तू?” काळुराम म्हणाला.

“मग कोण? मुंबैचा लाटसाहेब?” ठमाबाईनं भांडं घोडीच्या तोंडाखाली धरलं. “हळू खा गो बाय. ठसका लागंल.”

“अगं, ही इनासची घोडी!”

“घोडी इनासची. पोट तिचं हाय.”

“आणि गूळ कुणाचा?”

“गूळ माजा. तुमी आणलात, पण फोडला मी.” ती वळली. “माजी सहा बाळंतपणं झाली या घरात. दर वेळी डोहाळ्यांना काय मिळालं ते मना ठाव हाय. दारात गाभण जीव उपाशी ठेवला तर घराला लागतं. तुमच्या भागीदारीला लागलं तर लागो, माज्या घराला नको.”

काळुरामनं हिशेब असा मांडला : आपल्याच घरातला गूळ, आपल्याच बायकोच्या हातून, इनासच्याच घोडीच्या पोटात जातो, आणि इनासला यातलं काही माहीत नाही. इतकी सफाईदार चोरी इनासशिवाय दुसऱ्या कुणाला साधली असती? हिला हे शिकवलं कुणी? क्लेमेंटिनेनंच!

“क्लेमेंटबाय काय बोलली तुला?” त्यानं डोळे बारीक करून विचारलं.

“बोलली, तुजा नवरा गवतात बसलाय, त्याला मुंग्या चावतील.”

ही गोष्ट चारचौघांत काढता येण्यासारखी नव्हती. काळुराम ती गिळून बसला. गिळलेला संशय कुळथासारखा असतो, पोटात फुगतो. तो फुगून बाहेर पडायला निमित्त हवं होतं, ते इनासनं दिलं.

साहेब यायच्या आदल्या दिवसाची गोष्ट. निदान तो आदला दिवस आहे अशी दोघांची समजूत होती. संध्याकाळी तोबरे उतरवून झाल्यावर काळुराम तबेल्यात शिरला तर इनास शेठच्या तोंडाला मुसकं बांधत होता. मळणीच्या वेळी बैलानं धान्यात तोंड घालू नये म्हणून बांधतात ती काथ्याची जाळी.

काळुरामनं पलीकडून ती जाळी ओढून घेतली. मग म्हणाला, “माज्या घोड्याचं तोंड बांधतोस?”

“खाऊन झालंय त्याचं.”

“कुणी सांगितलं?”

“त्याच्या पोटानं सांगितलं. आता माज्या पेद्रूचं खातोय तो. पेद्रू टाकतो, हा उचलतो.”

“टाकलेलं उचललं तर तुजं काय जातं?”

“पेद्रू परत चावायला मागतो तवर हा गिळून मोकळा! आज एकच दिवस बांधणार होतो.”

“आज एकच दिवस? रोज बांधत असशील! म्हणूनच माजा शेठ वाळला.”

वाळलेला शेठ दोघांच्या मध्ये आडवा उभा होता, आणि त्यामुळे दोघांना एकमेकांची फक्त डोकी दिसत होती.

“साहेब जाऊ दे,” काळुराम म्हणाला. “मग टांगा तुजा तुला, माजा मना.”

“साहेब कशाला जायला पायजे? आत्ताच!”

“आत्ता तर आत्ता!”

तेवढ्यात बाहेर टापांचा आवाज झाला. टपालसाहेब एक दिवस आधीच आला होता. सांगितलेल्या दिवशी गेलं की घोडे न्हाऊमाखू घातलेले भेटतात असा त्याचा अनुभव होता. थोडक्यात, संशयाच्या बाबतीत साहेब या दोघांच्याच जातीचा होता. तो पूर्वी घोडदळाच्या रिसाल्यात होता आणि मराठी पुण्याला एका म्हाताऱ्या पंतोजींकडे जुन्या बखरी वाचून शिकला होता. त्यामुळे त्याचं बोलणं ऐकलं की समोर हत्तीवरची अंबारी आहे असं वाटे. त्यानं आपला घोडा चिंचेला बांधला, टोपी काढली आणि गरजला :

“मक्तेदार कोण? सत्वर पुढें यावें.”

दोघं पुढे आले. एकमेकांकडे न बघता.

साहेबानं एकेका घोड्याचं तोंड उघडलं, पाय उचलले, पोटावरून हात फिरवला. मग विचारलं, “अश्वांस काय चारितां?”

“चौघांना एकच!” दोघं एका दमात म्हणाले. त्या तबेल्यात एवढं एकमत पूर्वी कधी ऐकू आलं नव्हतं.

साहेबाच्या भुवया वर गेल्या. “वृद्धास, गर्भिणीस, तरुणास आणि स्थूलास एकच चंदी? हें कैसें?” तो जवळ आला. “तर मग उरलेला दाणा कोण भक्षितो?”

“कुणी नाय साहेब,” इनास म्हणाला.

“चोर हेंच वदतो. आतांच्या आतां आम्हांसमक्ष चारावें.”

घोडे नुकते जेवले होते हे सांगायची सोय नव्हती. क्लेमेंटिनेनं हंडा बाहेर आणून चिंचेपाशी ठेवला, तोबरे पुन्हा भरले गेले आणि बांधले गेले. मग जे व्हायचं तेच झालं. तुफाननं मान झटकून तोबरा दूर उडवला. पेद्रूनं तोबऱ्याच्या काठावरून गोळा टाकला. शेठनं भराभर संपवून मान लांब केली. आणि रोझानं तोबऱ्यात नाक घातलं, काढलं, ठमाबाईच्या घराकडे तोंड केलं आणि अशी खिंकाळली की ठमाबाई दाराआड झाली.

कुंपणापलीकडे बाळकुमचा दौलत येऊन उभा राहिला होता. त्याच्या चेहऱ्यावर मयताला आलेल्या माणसाची शांतता होती.

साहेबानं शेठचा डावा खूर उचलला. “हा लंगडतो. हा कोणाचा?”

“माजा,” काळुराम म्हणाला. “वाटेत दगड लागला साहेब. उद्या बरा होईल.”

मक्ता तर गेलाच होता. आता निदान खोटं तरी पचू द्यायचं नाही असा इनासनं निश्चय केला. “दगड नाय साहेब! खूर तापलेत. डावा जास्त. कुळीथ जास्त झाला की तिसऱ्या दिवशी तापतात. लीद घट्ट झाली की समजायचं, उद्या लंगडणार. याला अर्धीच मूठ द्यायची आणि वर नुसता पेंढा. मग हरणासारखा पळतो. आणि तो तुफान, त्याला हरभरा नाय चालत, पण ओलं गवत टाकलं की दिवसभर शहाण्यासारखा चालतो. ह्याला ठाव हाय सगळं, पण बोलायचं नाय!”

साहेब त्याच्याकडे वळला. “हे अश्व तुझे?”

“माजे कशाला असतील? त्याचे!”

“आणि त्याचा पेद्रू?” काळुराम उसळला. “त्याच्या उजव्या दाढा गेल्या हायत साहेब, हा माणूस त्याला पेंढा चावायला लावतो! डावीकडून चावतो तो. वाटून, भिजवून, कोमट करून दिलं तर हंडा चाटून पुसून ठेवील. आणि रोझाला पेज लागते, दुपारची, गूळ घालून. तशी दिली तर आठवड्यात बरगड्या झाकतात.” तो थबकला. “झाकतील. असं माजं म्हणणं.”

“तुला काय ठाव माज्या पेद्रूच्या दाढा?” इनास ओरडला.

“रोज समोर बसतो मी त्याच्या! तुज्यापेक्षा जास्त बघतो!”

“आणि मी रोज तुज्या शेठची लीद उकरतो!”

साहेब एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. हातातली पेन्सिल त्यानं हळूच खिशात ठेवली.

“आम्ही रिसाल्यांत अश्व राखणारे पुष्कळ मोतद्दार पाहिले,” तो म्हणाला. “धन्यास आपला अश्व ठावा नसतो, वैऱ्यास ठावा असतो, ऐसें प्रथमच पाहतों.” त्यानं मिशी ओढली. “ऐका. उद्यांपासून याचे अश्व त्यानें चारावे, त्याचे यानें. हंडा एक असो, वर घालणें तें ज्यानें त्यानें आपल्या वैऱ्याच्या अश्वास पाहून घालावें. पावसाळ्यापर्यंत मक्ता तुम्हांकडे. मध्यें आम्ही येऊं. केव्हां, तें सांगणार नाहीं.”

मक्ता राहिला होता. पण तो नेमका कुणामुळे राहिला हे ठरवता येत नसल्यामुळे आनंद कुणी करायचा ते कळेना. कुंपणापलीकडचा दौलत काही न बोलता बाळकुमच्या दिशेनं चालायला लागला.

“म्हणजे,” काळुराम सावकाश म्हणाला, “माज्या घोड्यांना हा चारणार.”

“आणि माज्यांना हा,” इनास म्हणाला. “जास्त चारील, साहेब. मुद्दाम. जाडे करून ठेवील.”

“मग तूं पाहत राहा,” साहेब म्हणाला, आणि हसत चिंचेकडे वळला.

चिंचेखाली साहेबाचा घोडा मोकळा उभा होता. त्याचं डोकं हंड्यात होतं आणि हंडा रिकामा होता. तळाशी चिकटलेला कोंडा तो जिभेनं खरवडत होता, आणि हंड्याचा कंठ गळ्यात अडकला तरी त्याला पर्वा नव्हती.

साहेब चकित झाला. “हा अश्व गेले कित्येक दिवस अन्नास शिवत नाहीं! यास कांहींही मानवत नाहीं!” त्यानं हंड्यात बोट फिरवून हुंगलं. “यांत काय काय असतें? कृति सांगा.”

इनासनं काळुरामकडे पाहिलं. काळुरामनं इनासकडे. असं त्या दोघांनी एकमेकांकडे बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

“कुळीथ,” काळुराम म्हणाला.

“आणि कोंडा,” इनास म्हणाला. “भाताचा.”

“आणि थोडा पेंढा.”

“बस. एवढंच.”

“एवढेंच?”

“एवढंच साहेब. गरिबाची चंदी.”

साहेबानं ते मनात घोळवलं, घोड्यावर मांड टाकली आणि स्टेशनच्या वाटेला लागला. टापांचा आवाज विरेपर्यंत दोघं हात जोडून उभे राहिले.

“मीठ का नाय सांगितलंस?” मग इनासनं विचारलं.

“तू का नाय सांगितलंस?”

“तो विचारतो कशाला? साहेबाला काय करायची आपली कृती?”

“बाळकुमच्या दौलतला देईल, दुसरं काय.”

“देईलच.”

आत क्लेमेंटिना आणि ठमाबाई पेद्रूची चंदी कुणी वाटायची यावरून बोलायला लागल्या होत्या.

“पण घोडा सुटला कसा?” इनास म्हणाला.

“गाठ तर साहेबानंच मारली होती.”

“आपल्या हातानं.”

“तेच बोलतोय मी. रिसाल्यातला माणूस. त्याची गाठ सुटेल काय?”

“नाय सुटणार. सैलच मारली असणार.”

“मुद्दाम!”

आणि चिंचेच्या सालीवर दोराचा वळ कुठं उमटलाय आणि कुठं उमटला नाही ते बघायला दोघं जोडीनं खाली वाकले.